हल्लीची तरुण पिढी अशक्त आहे काय?

लग्नकार्यात पंगती उठून विड्यांचे तबक फिरू लागले, म्हणजे वडीलधाऱ्या मंडळींत एक विषय हमखास निघतो. कोणी पस्तिशीतला जावई ‘मला साखर आहे, जिलबी नको’ असे म्हणून ताटावर आडवा हात धरतो आणि तेवढे निमित्त पुरते. ‘काय ही हल्लीची पोरे! आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी ऊस दातांनी सोलून खात. पाच कोस चालून जात आणि परत येऊन संध्या करीत.’ आमच्या धर्माबादेस मिरचीच्या अडतीवर, स्टेशनाच्या बाकावर, देवळाच्या ओट्यावर, जेथे म्हणून चार पांढरी डोकी जमतात तेथे हा सिद्धान्त विनाविरोध संमत होतो. तरुण मंडळी खाली मान घालून ऐकतात, किंवा हातातील मोबाइलाकडे पाहत बसतात. ह्या सिद्धान्ताची एकदा नीट तपासणी करावी, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. आम्ही स्वतः त्या पांढऱ्या डोक्यांपैकीच असल्यामुळे, तरुणांची तरफदारी केल्याचा आरोप आमच्यावर येण्याचे कारण नाही.

प्रथम एवढे लक्षात घेतले पाहिजे की, ही तक्रार आजची नव्हे. कृतयुगात माणसे निरोगी व चारशे वर्षे जगणारी होती आणि पुढे युगायुगाला ते आयुष्य चतुर्थांशाने घटत आले, असे मनुस्मृतीतच सांगितले आहे. पण इतके मागे तरी कशाला जा? ज्या आजोबांची आज तोंड भरून स्तुती चालते, त्यांच्या तारुण्यातील महाराष्ट्र पाहावा. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम करून पाहिला आणि मग सूर्यनमस्काराचा असा ध्यास घेतला की, संस्थानच्या शाळांतून मुलेमुली नमस्कार घालू लागली. ही खटपट कशासाठी चालली होती? तरुण पिढी खंगत चालली, पुस्तके वाचून डोळे गेले, चहा पिऊन भूक मेली, ही त्या काळच्या वडीलधाऱ्यांची रोजची काळजी होती. म्हणजे ज्यांस आज आपण भीमसेनाचे अवतार समजतो, ते त्यांच्या वडिलांच्या मते पाप्याचे पितरच होते!

परंतु खरी मेख निराळीच आहे. पणजोबा जगले, म्हणून त्यांची आठवण उरली. त्यांची जी भावंडे पाळण्यातच गेली त्यांची साक्ष कोण देणार? आमच्या घरी पणजोबांच्या हातची मोडीत लिहिलेली एक वही आहे. तीत देण्याघेण्याच्या हिशेबांच्या मागे अकरा अपत्यांच्या जन्मतिथी नोंदल्या आहेत. त्यांपैकी सहा नावांपुढे थोड्याच अंतराने दुसरी एक तिथी आहे आणि खाली आडवी रेघ. पितृपंधरवड्यात आम्ही जी नामावळी उच्चारतो तीत ह्या सहांपैकी एकही नाव येत नाही. दोन वर्षांच्या आतील मुलास अग्नी नाही आणि उदकही नाही, असा धर्मशास्त्राचा निर्णय आहे. तो निष्ठुर वाटतो खरा. पण घरोघरी दर एकदोन वर्षांनी लहान मूल मातीआड करावे लागत असे, त्या काळी एवढ्या सगळ्यांचे श्राद्धपक्ष सांभाळणे संसारी माणसाच्या शक्तीबाहेरचे होते, असे आम्हांस वाटते. ती मुले नामावळीतून गेली आणि त्यामुळे आमच्या आठवणीतूनही गेली. उरले ते ऊस सोलून खाणारे आजोबा.

ह्याचा एक दाखला आम्हांस शाळेत मिळाला. आम्ही मास्तरकी पत्करून हजेरी घ्यावयास लागलो, तेव्हा पटावर दगडू, धोंडू, भिका, केरबा, उकिर्डा ही नावे अजून सर्रास असत. हल्लीच्या मुलांना ती ऐकून हसू येते. पण त्या नावांत हसण्याजोगे काही नव्हते. आधीची दोनतीन मुले गेली, म्हणजे पुढच्याचे नाव मुद्दाम असे ठेवीत की, यमालाही ते उचलावेसे वाटू नये. मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलून आणीत, शेजारणीस पसाभर धान्याला विकून तिच्याकडून मागून घेत, मुलाचे नाक टोचून त्यास नथू म्हणत. आईबापांनी काळाशी मांडलेला तो भाबडा लपंडाव होता. आम्ही निवृत्त झालो त्या वर्षी आमच्या पटावर असले एकही नाव नव्हते. आमच्या मते, मुले जगू लागल्याचा ह्याहून बोलका पुरावा सरकारी दप्तरात सापडावयाचा नाही.

दप्तरातले आकडे मात्र ह्या पुराव्यास पुष्टीच देतात. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२९ मुले वर्षाच्या आत दगावत. २०२० साली ती संख्या २८ वर आली आणि महाराष्ट्रात तर १६ वर. १९५१ च्या सुमारास हिंदी मनुष्याचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. आता ते सत्तरीच्या घरात आहे. ‘सरासरी ३२’ म्हणजे सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत असा अर्थ कित्येक सुशिक्षितही करतात, म्हणून शाळामास्तराच्या सवयीने थोडा हिशेब मांडतो. एका घरी दहा भावंडे झाली. पाच वर्षाचे होऊन गेली, पाच चौसष्टाव्या वर्षी. एकंदर बेरीज ३२५, आणि दहांनी भागले असता साडेबत्तीस. त्या घरात बत्तिसाव्या वर्षी कोणीच मेले नाही. पुढे नातवंडांस दिसले ते चौसष्टापर्यंत जगलेले पाच जण, आणि त्यांवरून त्यांनी ठरविले की, पूर्वीची माणसे मोठी काटक!

बाळ जन्मल्यावर पाचवी-सटी पुजावयाची आणि त्या रात्री सटवाई कपाळी लेख लिहून जाते असे मानावयाचे, ही चाल सर्वांस ठाऊक आहे. ती धास्ती उगाच नव्हती. नाळ कापावयास जे हाताशी येईल ते वापरीत आणि त्या जखमेतून धनुर्वाताचे विष शिरले की, पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच बाळ आखडून जाई. गरोदर स्त्रीस सुई टोचण्याची आणि स्वच्छ पात्याने नाळ कापण्याची पद्धत गावोगाव रुजली, तेव्हा हे थांबले. बाळबाळंतिणीच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याची ग्वाही आपल्या देशास २०१५ साली मिळाली. देवीचा शेवटचा रोगी १९७५ सालातला. तोंडावर देवीचे व्रण असलेला मनुष्य पाहून ‘ह्यांना काय झाले होते?’ असे विचारणारी मुले आम्ही वर्गात पाहिली आहेत. आमच्या लहानपणी तो प्रश्न कोणास सुचलाच नसता. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाने ह्या देशात सव्वा कोटी ते दोन कोटी माणसे नेली असा अंदाज आहे, आणि १९२१ च्या खानेसुमारीत देशाची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. हिवतापाविषयी तर बोलावयासच नको. ज्या सिकंदराबादेस आमच्या स्टेशनावरून गाडी जाते, तेथेच १८९७ च्या ऑगस्टात रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला; तरी त्यानंतरही अनेक वर्षे पानथरी वाढून पोटाचा नगारा झालेली मुले ह्या मुलखात फिरतच होती.

आणि नारू! मराठवाड्याबाहेरील वाचकांस कदाचित हा शब्दही नवा असेल. पायऱ्यांच्या बारवेत उतरून माणसे पाणी भरीत. ज्याच्या पायास नारूचा फोड असे त्याचा पाय पाण्यात बुडाला की, नारूची पिले पाण्यात सुटत. तेथील सूक्ष्म किड्यांच्या पोटात शिरून ती दुसऱ्याच्या घशाखाली जात, आणि पुढे सुमारे वर्षाने हात दोन हात लांबीचा दोऱ्यासारखा किडा पायातून बाहेर येऊ लागे. तो काडीस गुंडाळून रोज बोटभर ओढावयाचा. तुटला तर पाय सुजून मनुष्य महिनोन्‌महिने खाटेवर. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातील कर्ता पुरुष असा पडला म्हणजे त्या वर्षाचे पीक गेलेच समजावे. ह्या रोगावर ना लस निघाली, ना औषध. १९८३ च्या सुमारास देशभर मोहीम सुरू झाली. बारवांच्या पायऱ्या बंद करून रहाट बसविले, पाण्यात औषध टाकून किडे मारले आणि बायकांना दुपदरी फडक्याने पाणी गाळावयास शिकविले. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. मराठवाड्यातील आजच्या पंचविशीच्या तरुणास नारू ठाऊक नाही, ह्याचे श्रेय त्याच्या आईच्या हातातील फडक्यास आहे.

येथवर तरुणांची बाजू पुरती सिद्ध झाली असे वाटेल. पण मेला नाही तो निरोगीच, असा अर्थ कोणी करू नये. वैद्यकसंशोधन परिषदेने देशभर केलेली पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीवरून प्रौढांपैकी शंभरी अकरांहून अधिक, म्हणजे सुमारे दहा कोटी लोक मधुमेही आहेत, आणि त्याहून अधिक लोक उंबरठ्यावर उभे आहेत. शिवाय युरोपातील लोकांपेक्षा आपल्याकडे हा रोग दहाएक वर्षे आधीच गाठतो. तेव्हा लग्नातला तो पस्तिशीचा जावई काही सोंग करीत नव्हता.

ह्या रोगाची कारणे चरकाने फार पूर्वी सांगून ठेवली आहेत. सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ, ही त्याची यादी कोणत्याही कचेरीतील तरुणास तंतोतंत लागू पडेल. सुश्रुताचा उपाय आणखी कडक. द्रव्य नसलेल्या रोग्याने पायात वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न घेता, शंभर योजने चालत सुटावे असे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २००० साली आपल्या देशातील प्रौढांपैकी शंभरी बावीस जणांची हालचाल अपुरी होती. २०२२ साली ती संख्या एकोणपन्नासावर गेली, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक. आमच्या लहानपणी घरची वडील मंडळी सरस्वतीच्या दर्शनास बासरला पायी जाऊन दिवे लागणीस परत येत. आता बाजारात कोथिंबीर आणावयाची तरी फटफटी काढतात. मुलांच्या चष्म्यांचेही तसेच. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत लांबचे न दिसण्याचा विकार कमी आढळतो, पण उघड्यावर खेळावयास सोडतो कोण? जाता जाता एवढे म्हणतो की, पूर्वीची काटक माणसे म्हणून आपण ज्यांची उदाहरणे देतो ती नांगर धरणारी, पोती उचलणारी. आम्हां कुलकर्ण्यांच्या घरी तेव्हाही बैठकच होती. फक्त जिलबी रोज मिळत नसे.

तर मग तरुणांनी चालावे, गोड सोडावे आणि वडिलांनी त्यांना रागे भरावे, एवढ्यावर प्रश्न मिटेल काय? आमच्या मते नाही. आणि हेच सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास आरंभिला. तेथील बाया सरासरीने पाच फूट उंचीच्या आणि बेचाळीस किलो वजनाच्या. त्यांची मुले जन्मतः पावणेतीन किलोंच्या आतबाहेर. इंग्लंडातील साउदॅम्टनची साडेतीन किलोंची. इतक्या लहानखुऱ्या मुलांच्या अंगावर चरबी कोठून असणार? पण मोजून पाहता निराळेच निघाले. आपल्या मुलांचे स्नायू लहान, पोटातील इंद्रिये लहान, मात्र चरबी त्या मानाने फारशी कमी नाही. मूल दिसावयास काडी, पण आतून स्निग्ध. आईच्या पोटात अन्न अपुरे पडले असता गर्भ मेंदू व चरबी राखतो आणि स्नायूंत काटकसर करतो, असा ह्याचा उलगडा देतात. असे शरीर उपासमारीत निभावते. पण पुढे त्यास भरपूर अन्न व बैठे काम मिळाले की, साखर पचविण्याची त्याची ताकद लवकर संपते. २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकपत्रात डॉ. याज्ञिक आणि एक इंग्रज डॉक्टर ह्यांचे शेजारी शेजारी छायाचित्र छापले होते. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचे एकच. पण शरीरातील चरबी इंग्रजाची शंभरी नऊ, पुणेकराची एकवीस!

त्याच अभ्यासातील आणखी दोन गोष्टी आम्हांस अधिक महत्त्वाच्या वाटल्या. ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा होते त्यांची मुले वजनाने चांगली भरली. ज्यांस पाणी ओढणे, शेतात राबणे अशी कष्टाची कामे अखेरपर्यंत करावी लागली त्यांची कमी भरली. दुसरी गोष्ट अशी की, त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांच्या रक्तात ब१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. मांसाशन न करणाऱ्यास ते दूध, दही, ताक ह्यांतूनच काय मिळेल तेवढे. आमच्यासारख्या शाकाहारी घरांनी ह्या ठिकाणी थांबून विचार करावा. घरातील दूध कोणाच्या पेल्यात जाते?

एकत्र कुटुंबातील पंगतीचा क्रम आम्ही सर्व जाणतो. प्रथम पुरुष, मग मुले, मग सासू, आणि शेवटी वाढून वाढून दमलेली सून. तिच्या वाट्यास भाकरी उरे, पिठले उरे. सायीचे दही उरत नसे, त्यात पाणी घालून केलेले ताक उरे. सातव्या महिन्यात चोळी-डोहाळजेवण मोठ्या थाटाने करीत; पण तो एक दिवसाचा समारंभ. बाळ फार वाढले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून उलट तिचे जेवण आवरते घेणारी घरेही होती. प्रसूत झाल्यावर मात्र डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, सर्व काही सव्वा महिना यथासांग. म्हणजे मुलाचे शरीर घडत होते ते नऊ महिने हात आखडता, आणि घडून झाल्यावर तुपाची धार!

गरिबांच्या घरी तर तेवढेही नव्हते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कित्येक गरोदर बायांनी रोजगाराच्या कामावर उन्हात खडी फोडली, आणि मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी व सुकडी ह्यांवर दिवस काढले. त्या वेळी ज्या पोटात होत्या त्या मुली पुढे स्वतः आया झाल्या. आज त्यांची मुले पंचविशी-तिशीत आहेत. स्त्रीबीजे मुलगी आईच्या पोटात असतानाच तयार होतात, तेव्हा ह्या तरुणांचा संबंध आजीच्या उपासाशीही पोहोचतो, असे म्हणावयास हरकत नाही. शंभर वर्षांत हिंदी पुरुषाची उंची सुमारे तीन सेंटिमीटर वाढली आणि स्त्रीची पाच. त्याच शंभर वर्षांत दक्षिण कोरियातील स्त्री वीस सेंटिमीटर उंच झाली. शरीर पिढ्यान्‌पिढ्यांचे देणे फेडीत असते. कोरियातील आयांना आधी जेवावयास मिळाले, आमच्याकडील अजून शेवटच्या पंगतीत आहेत. २०१९-२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शंभरी चौपन्न पांडुरोगी आढळल्या. हा आकडा आम्ही एका ओट्यावर वाचून दाखविला, तेव्हा एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, ‘हे झोपडपट्टीतले असेल.’ दुसऱ्या दिवशी त्यांच्याच पदवीधर नातीचे रक्त साडेनऊ भरले.

आमच्या घरी गेली तीन वर्षे रात्रीचे जेवण सर्वांचे एका वेळी होते. त्यामुळे पोळ्या आधी करून ठेवाव्या लागतात व ताटात गरम पडत नाहीत, ही आमच्या वडील बंधूंची तक्रार अद्याप कायम आहे. धाकट्या सुनेचे रक्त दिवस जाण्यापूर्वीच तपासून घेतले आणि डॉक्टरांनी लोहाबरोबर ब१२ च्या गोळ्याही दिल्या. आजार नसता औषध कशाला, असे आत्याबाईंचे म्हणणे पडले. परंतु सुनेचा दह्याचा वाडगा सकाळीच निराळा काढून ठेवण्याचे काम पुढे त्यांनीच आपणाकडे घेतले. नातू शाळेस पायी जातो. मिरचीच्या हंगामात अडतीच्या रस्त्यावर मालमोटारींची दाटी होते आणि ठसक्याने डोळे उघडवत नाहीत, तेवढे दिवस त्यास स्टेशनामागच्या रस्त्याने जावे लागते.